फुटबॉल खात्यातली बदली

बा,

उद्या संध्याकाळपर्यंत मला एका माणसाला हो किंवा नाही सांगायचं आहे, आणि विचारायला तू नाहीस. तसं तू होतास तेव्हा तरी मी तुला कुठे विचारत होतो? जायचं ठरलं की फोन करून कळवायचो, तू 'बराबर हाय' म्हणायचास आणि फोन ठेवायचास. या वेळी एजंटचा फोन आला तेव्हा मी तांड्यावरच होतो. याडी समोर लसूण सोलत बसली होती. एजंट म्हणाला, "एक साल का है भाई. पहाड में छोटा क्लब है. इस उमर में और कोई नहीं पूछेगा, सोच लो." मी म्हणालो, सोचता हूँ. याडीला हिंदी चांगली कळते, तूच तिच्याशी गमतीने बोलून बोलून शिकवलीस. तिने सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "पुन्ना?" एवढा एकच शब्द. मी उठलो आणि गुडघ्याला बर्फ लावत बसलो. बर्फ फाट्यावरून आणून थर्मासात ठेवावा लागतो, सकाळी आणलेल्याचं संध्याकाळपर्यंत पाणी होतं.

आपण घरात आपल्या बोलीत बोलायचो, पण ती लिहायचा मला सराव नाही. त्यामुळे आईला याडी म्हणतो तेवढा शब्द सोडून तुझं आणि तिचं बोलणं इथे फाट्यावरच्या मराठीत उतरवतोय. तुला चालेल. फाट्यावर तू तसाच बोलायचास, आणि दिवसाचा बहुतेक वेळ तू फाट्यावरच असायचास.

वारंगा फाट्यावरचं तुझं पंक्चरचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, पाण्याचा टब आणि दाराशी रचलेले जुने टायर. पूर्वी आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे, त्याला लदेणी म्हणायचे, हे मी तुझ्याकडूनच ऐकलं. पण तू स्वतः आयुष्यभर एका जागी बसलास आणि सगळा देश तुझ्या समोरून गेला. कुणाच्या गाडीचं चाक बसलं की तो तुझ्याकडे यायचा. तू चाक काढायचास, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचास, पॅच लावायचास. आणि हे सगळं झालं की ड्रायव्हरने न सांगता गाडीच्या खाली वाकून स्टेपनीवर हातोडा मारायचास. आवाज ऐकायचास. बद्द वाजला की हवेचा पाइप ओढून तिच्यात हवा भरायचास, आणि त्याचं काही मागायचा नाहीस. काही ड्रायव्हर वैतागायचे, चाचा, देर हो रही है. तू ऐकलं न ऐकल्यासारखं करायचास.

औंढ्याच्या शाळेत मी वसतिगृहात राहून शिकत होतो तेव्हा कोल्हापूरकडचे एक सर आम्हाला खेळ शिकवायला आले. आमच्याकडे कबड्डी आणि व्हॉलीबॉल. सर आले तेच फुटबॉल घेऊन. त्यांच्या गावात म्हणे पेठापेठांत फुटबॉलवरून भांडणं होतात, सोयरिकी अडतात. आम्हाला हे ऐकूनच मजा वाटायची. मैदान म्हणजे काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडलेली. एका बाभळीच्या काट्याने सरांचा चेंडू बसला. तो जुन्या पद्धतीचा होता, आत ब्लॅडर असलेला. सरांनी तो टाकून द्यायचं ठरवलं आणि मी तो शनिवारी पिशवीत घालून तुझ्याकडे आणला. तू तो उलटापालटा करून पाहिलास. "ह्याच्यात बी ट्यूब असती व्हय?" म्हणालास आणि तुला असा आनंद झाला की जणू ओळखीचं कुणी भेटलं. तू शिवण उसवलीस, ब्लॅडरला पॅच मारलास आणि पोती शिवायच्या दाभणाने, सुतळी ओढून, तो परत शिवून दिलास. सुतळीची गाठ एका बाजूला वर आली होती. तो चेंडू टप्पा पडला की कुठे उडेल ते सांगता यायचं नाही. बाकीची पोरं शिव्या द्यायची. मला मात्र त्याच चेंडूने थांबायला शिकवलं, उडाल्यावर कुठे जातो ते बघून मग पाय टाकायला. पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनी मला विचारलं की हे कुठे शिकलास. मी कोल्हापूरच्या सरांचं नाव सांगायचो. सुतळीच्या गाठीचं कुणाला समजावून सांगणार?

ते सर दोन-तीन वर्षांनी गेले. त्यांची विनंती बदली झाली होती. जाताना ते मुद्दाम फाट्यावर उतरून तुला भेटले, मला पुण्याच्या निवड चाचणीला पाठवा असं सांगायला. तू त्यांना विचारलंस, विनंती बदली म्हंजे काय? सर म्हणाले, आपल्या गावाकडे परत जायचं असलं की अर्ज करावा लागतो, तो मंजूर झाला की जाता येतं. तू हातातला टायर एकदा फिरवलास. मग म्हणालास, "सर, घराला जायाला बी अर्ज करावा लागतो का तुमाला?" सर हसले. तूही हसलास. पण बस गेल्यावर तू ते वाक्य पुन्हा एकदा स्वतःशी म्हणालास, हे मला आठवतं.

चाचणीत निवड झाली, मग पुणे, मग गोवा. पहिल्या क्लबमध्ये वर्ष काढलं आणि त्यांनी मला सोडलं. सोडलं हा शब्द तुला फोनवर सांगवेना. मी म्हणालो, बा, माझी ट्रान्सफर झाली, आता बंगालला. तू लगेच म्हणालास, "बदली झाली म्हण की." आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या फाट्याला कळलं की तुझ्या पोराची बदली झाली. तलाठ्याची होते, मास्तराची होते, एसटीच्या कंडक्टरची होते, तशी. बदली होते म्हणजे नोकरी आहे, नोकरी आहे म्हणजे पेन्शन आहे, असं तिथल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं. पुढे मी केरळात गेलो, बदली. परत गोव्यात आलो, बदली. दर वेळी तुझा एकच प्रश्न असायचा, "आता पर्मनंट का?" आणि मी म्हणायचो, बघू. तांड्यातले म्हातारे मला चिडवायचे, लदेणीवर निघालास, मीठ घेऊन ये. म्हणून गोव्याहून मी खरंच एकदा खडेमिठाची पिशवी आणली. तू ती घरात नेली नाहीस. दुकानातल्या फळीवर, सोल्यूशनच्या डब्याशेजारी ठेवून दिलीस, आणि पावसाळ्यात तिला पाणी सुटलं तरी काढली नाहीस.

तुझी आणखी एक गोष्ट याडी अजून सांगते आणि हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तुला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण गाड्यांच्या पाट्यांवरची पहिली दोन अक्षरं तू ओळखायचास. मी बंगालला असलो की तू बंगालच्या गाड्या शोधायचास. केरळात असलो की केरळच्या. ड्रायव्हरला चहा पाजायचास आणि विचारायचास की तिकडे थंडी आहे का, भात बरा मिळतो का, पाणी बाधतं का. म्हणायचास, मेरा लडका उधरीच है, बदली पे. एकदा एकाने विचारलं, "कौन से डिपार्टमेंट में, चाचा?" तू म्हणालास, "फुटबॉल में." त्या माणसाने मान डोलावली म्हणे. सरकारात एवढी खाती, त्यात एक फुटबॉलचं असेल, असं त्यालाही वाटलं असणार.

खरं काय होतं ते तुला मी कधी सांगितलं नाही. मी वाईट खेळाडू नव्हतो, बा. पण मी कुणाचाच पहिला नव्हतो. डावीकडचा जखमी झाला की डावीकडे, मधला थकला की मधे. जिथे माणूस कमी पडेल तिथे मी. बाकड्यावर बसायचं, कोचने खूण केली की उठून रेषेच्या कडेने धावायचं, अंग गरम करायचं, आणि पुष्कळदा पुन्हा येऊन बसायचं. एकदा नांदेडच्या पेपरात माझं नाव छापून आलं. 'बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरलेल्या हिंगोलीच्या युवकाने' असं वाक्य होतं. तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलंस, कापलंस आणि दुकानात टायर कंपनीच्या कॅलेंडरखाली चिकटवलंस. मी सुटीत आलो तेव्हा तू ते बोट ठेवून दाखवलंस, "हे बघ, पेपरवाल्यायला बी ठावं हाय तुजी बदली झाल्याली." मला इतकं कसंतरी झालं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. पेपरातल्या बदलीचा अर्थ वेगळा आहे, दुसऱ्याच्या जागी घातलेला माणूस, हे तुला सांगायला तोंड उघडेना.

त्याच सुटीत तू मला एकदा बोललास. मी नवे बूट घालून दुकानात खुर्ची टाकून बसलो होतो. त्या वर्षी मला जवळजवळ खेळवलंच नव्हतं, मन विटलं होतं. पंजाबची एक गाडी हवा भरून निघायच्या बेतात होती. तू टबात हात घालून बसला होतास, म्हणालास, जरा तिची स्टेपनी बघ. मी म्हणालो, त्याने कुठे सांगितलंय? तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालास, "कुणी इचारलं न्हाई म्हणून हवा जायाची राहती का?" आणि ओल्या हाताने उठून स्वतः गेलास. तेव्हा मला तो टायरवाल्याचा चिडचिडेपणा वाटला. पुढच्या मोसमात मात्र मी सगळे झोपलेले असताना पहाटे उठून पळायला लागलो, कुणी विचारत नव्हतं तरी. का लागलो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तू गेलास तेव्हा मी लुधियानाच्या बाजूला होतो. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर कितीतरी महिने गाड्या थांबायच्या आणि ड्रायव्हर बंद पत्र्यापुढे उभे राहून विचारायचे, चाचा कहाँ गये? चहावाले काका सांगायचे, बदली हो गयी. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना तोंड दुसरीकडे केलं. या गोष्टीला आता बारा वर्षं होत आली. मी तेवढी वर्षं खेळतच राहिलो. आणखी क्लब, आणखी खोल्या. कुठे काय बघितलंस असं कुणी विचारलं तर मला आठवतात बसच्या खिडक्या आणि हॉटेलातल्या पांढऱ्या चादरी. छत्तिशी ओलांडली. सकाळी उठल्यावर आधी भिंत धरावी लागते. तरी फोन आला की जीव उठतो, हे काय आहे ते मला कळत नाही. दमलोय, बा. कुणाजवळ म्हणता येत नाही. तांड्याला वाटतं मी हिंडून मजा करून आलो.

दुसरीकडे औंढ्याच्या त्याच शाळेने विचारलं आहे. खेळ शिकवायला कुणी नाही, मानधनावर या म्हणतात. मुख्याध्यापक दोनदा म्हणाले, "पर्मनंट नाही बरं का." मला हसू आलं. त्यांना वाटलं मी नाराज झालो.

इथपर्यंत काल लिहून ठेवलं होतं. आज दुपारी बर्फ आणायला फाट्यावर गेलो. काकांचं हॉटेल आहे तिथेच आहे, टीव्ही नवा घेतलाय. शेजारी तुझं दुकान, पत्र्याला गंज चढलाय. कॅलेंडर आणि कात्रण कधीच गळून पडलं. काकांनी चहा दिला. बोलता बोलता मी सहज म्हणालो, काका, बाला शेवटपर्यंत वाटायचं की माझी सरकारी बदली होऊन राहिली, बिचाऱ्याला कधी कळलंच नाही. काका कपडा हातात तसाच धरून थांबले.

"कोण म्हणलं? त्याला सगळं ठावं होतं."

मी विचारलं, काय ठावं होतं?

"आरं, तुजा खेळ टीव्हीवर लागला व्हता का न्हाई, त्यानं दुकान बंद करून इथं समद्यायला बसवलं. तू बाकड्यावर बसल्याला दिसला. अर्धा खेळ सरला तरी उठंना. तो मला म्हणला, हा काहून बसून राहिला? मला काय कळतंय फुटबॉलातलं. केरळचा एक डायवर चहा पिऊन राहिला होता, त्यानं सांगितलं. म्हणला, चाचा, ये एक्स्ट्रा है. स्टेपनी समझो."

"मग बा काय म्हणला?"

"कायी न्हाई. चहा पेला. मंग जरा येळानं त्या डायवरला म्हणला, स्टेपनीबिगर तुजी गाडी घाटात घालून दाव. मंग शेवटाला तुला आत घेतलं, तसा तो उठून उभा राहिला. खेळ सरंस्तोवर बसलाच न्हाई. मागल्यायला दिसंना, ते वरडून राहिले, तरी न्हाई."

"मग लोकांना बदली काहून सांगायचा?"

काका कपडा झटकून म्हणाले, "दोन्ही बदलीच की रे. पेपरात बी तेच छापलं होतं."

मी चहाचा ग्लास हातात घेऊन उठलो. तुझ्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. कात्रणावर बोट ठेवून तू मला दाखवत होतास तेव्हा तुझा चेहरा कसा होता ते आठवायचा प्रयत्न केला. तो खेळ आधीचा की कात्रण आधीचं, हे किती केलं तरी लागेना. तुला माहीत असताना तू मला ते दाखवलंस, की नंतर कळलं आणि तसंच राहू दिलंस? याडीला विचारून उपयोग नाही. एवढं मात्र कळलं की मी तुझ्यापासून जे लपवत होतो त्याची तुला लाज वाटलेली नव्हती. ती सगळी माझ्याकडेच होती. इतकी वर्षं ते ओझं मी गावोगाव वाहिलं आणि त्याचं गिऱ्हाईक कुणी नव्हतं. पायरीवर बसल्या बसल्या मला रडू आलं, आणि समोरून गाड्या जात होत्या म्हणून बरं झालं.

तिथूनच एजंटला फोन लावला. म्हणालो, नहीं होगा. मला वाटलं तो आढेवेढे घेईल, एकदा तरी आग्रह करेल. तो म्हणाला, "ठीक है भाई, टेक केअर," आणि मागे कुणाशी तरी बोलत फोन ठेवून दिला. एवढंच. उभ्या आयुष्याचं काम सुटलं आणि चहाचा ग्लासही अजून कोमट होता.

ग्लास परत द्यायला गेलो तर काका सवयीने म्हणाले, "मंग, आता कुठं बदली?" हे ते मला प्रत्येक सुटीत विचारतात. मी म्हणालो, इथंच. औंढ्याला. विनंती बदली.

ते ग्लास विसळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मंजूर झाली का?"

तुझं ते वाक्य आठवलं, सर गेल्यावर तू स्वतःशी पुन्हा म्हटलेलं. अर्ज तर मी कुणाकडे केलाच नव्हता. मी झाली म्हणालो, बर्फाची पिशवी उचलली आणि तांड्यावर आलो. याडीला सांगितलं. तिने तव्यावर भाकरी होती ती उलटली आणि पहिली मला वाढली.

म्हणून हा कागद, बा. तो तू वाचायचा नाहीस आणि मी पोस्टात टाकायचा नाही, तुझ्या दुकानातल्या फळीवर राहील. पण अर्ज तेवढा तुझ्याकडेच करायचा होता. आणि एक गोष्ट काकांनाही सांगितली नाही, याडीलाही नाही. एजंटचा पुन्हा आला तर ऐकू यावा म्हणून घरी आल्यापासून माझा फोन मी खिशातून काढून समोर ठेवला आहे, आवाज मोठा करून.